पासबुकावरचा १ लाखाचा शिक्का जुना आहे

पासबुकावरच्या शिक्क्याचा फोटो पुन्हा फिरतोय: "बँक बुडाली तर फक्त १ लाख मिळणार." ही मर्यादा जुनी आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाखांचा आहे, मुद्दल आणि व्याज धरून. एका बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या नावावरची खाती मात्र एकत्र मोजतात. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही.

भीती समजू शकते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये निघत होते. एकाच बांधकाम समूहाची थकलेली कर्जं लपवली गेली होती. २०२१ च्या कायदा दुरुस्तीनंतर अशा वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते.

कृपया तो फोटो पुढे पाठवू नका. घाबरून मुदत ठेव मोडली, तर व्याज कापलं जातं.