पवनचक्क्या ढग पळवत नाहीत, आणि आबांचा सौरपंप गावाचा पाऊस घालवत नाही

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडच्या आमच्या आबांचा सरकारी योजनेतल्या सौर कृषी पंपाचा अर्ज मंजूर झाला, पण किमतीतला आपला हिस्सा भरायला ते आता तयार नाहीत. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक लांबलचक मेसेज. भावकीच्या ग्रुपवर तोच, केळीवाल्यांच्या ग्रुपवरही तोच. त्यात म्हटलंय की पवनचक्क्यांनी खान्देशातले ढग पळवले, सोलरच्या पाट्यांनी ऊन वाढवलं, आपला कोळसा चारशे वर्षं पुरेल, आणि श्रीमंत देशांनी स्वतः कोळशावर गबर होऊन हे सगळं गरीब देशांच्या गळ्यात मारलं. शेवटची ओळ अशी: 'सौरपंप घेणारा आपल्याच गावाचा पाऊस घालवतो.' त्या एका ओळीपायी सत्तरीतला माणूस आणखी एक हंगाम रात्रीच्या लाइटीवर पाणी भरणार, बॅटरी घेऊन, साप-विंचवातून. म्हणून हे लिहितोय.

आधी ढगांचं बघू. पंखा विजेवर फिरतो आणि वारा देतो. पवनचक्की वाऱ्यावर फिरते आणि वीज देते. ती वारा सोडत नाही, आलेल्या वाऱ्यातला थोडा जोर काढून घेते. ढग ढकलायला तिच्याकडे काही नसतंच. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांचं टोक जमिनीपासून फार तर शंभर-सव्वाशे मीटरवर पोचतं. जोराचा पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर उंच चढलेला असतो. आणि श्रावणात त्या पठारावर एकदा उभं राहून बघा. ढग खाली उतरून पात्यांना लागतो, पाती त्यातूनच फिरत राहतात, खांबावरून पाणी निथळत असतं. ढग कुठेही जात नाही.

मग पाऊस कमी का? कारण आपण सह्याद्रीच्या आडोशाला आहोत. पश्चिमेकडच्या नवापूरला धुळ्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, तो पवनचक्क्यांच्या आधीपासून. १९७२ साली खडी फोडायला गेलेली माणसं अजून गावोगावी आहेत. त्यांना विचारा, तेव्हा कोणत्या डोंगरावर पवनचक्की होती? उघड्या पठारावर वारा भणाणतो म्हणून तिथे पवनचक्क्या आल्या. मेसेजवाल्याने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली. आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीने मक्याच्या कणसांना कोंब फुटले, वेचणीचा कापूस काळा पडला, तेव्हा याच पवनचक्क्या उभ्या होत्या. तेव्हा का नाही पळवले ढग?

यावर अभ्यासही झालाय. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन छापून आलं. सहारा वाळवंटात सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरवर पवनचक्क्या आणि सौर पाट्या बसवल्या तर काय होईल, हे शास्त्रज्ञांनी हवामानाच्या संगणकी प्रतिमानावर तपासलं. उत्तर आलं की तिथला पाऊस दुपटीहून जास्त होईल. वाढेल, कमी होणार नाही. म्हणून आपल्याकडच्या पवनचक्क्या पाऊस आणतील असं मी म्हणत नाही. भारताच्या जवळपास तिप्पट जागेवरचं ते गणित आहे, साक्री तालुक्याला ते लागू नाही. पण जगातल्या एवढ्या अवाढव्य कल्पनेतही पाऊस पळाला नाही, तर आबांच्या विहिरीवरच्या चार पाट्यांनी कसा पळेल?

उन्हाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. मोठ्या सौर प्रकल्पाच्या आत रात्री हवा थोडी गरम राहते, असं मोजमापात आढळलंय. कुंपणाबाहेर थोडं अंतर गेलं की तो फरक विरतो. साक्री तालुक्यातला शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ चा. भुसावळ काय २०१३ नंतर तापायला लागलं?

कोळसा चारशे वर्षं पुरेल म्हणणाऱ्याला एवढंच विचारतो: मग २०२३-२४ मध्ये देशात जवळपास १०० कोटी टन कोळसा काढूनही वर २६ कोटी टनांच्या आसपास बाहेरून का आणावा लागला? जमिनीखाली असणं वेगळं आणि परवडेल अशा खर्चात वर काढता येणं वेगळं. शिवाय आपल्या कोळशात राख फार. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राला कोळसा मालगाडीने येतो, त्याला पाणी तापीचं लागतं, आणि राख परिसरातल्या गावांच्या अंगणात पडते. हा खर्च मेसेजमध्ये कुठेच धरलेला नाही. उलट राजस्थानात भडल्याच्या लिलावात सौर विजेचा दर २०१७ सालीच युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला होता. रात्री ती वीज नसते, साठवायची तर खर्च वाढतो, हे मान्य. पण आबांना पाणी दिवसाच भरायचंय.

राहिला श्रीमंत देशांचा मुद्दा. इथे नाइलाजाने मान्य करतो, अर्धी गोष्ट खरी आहे. आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडण्यासाठी २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी साडेआठ अब्ज डॉलर कबूल केले, त्यातलं बहुतेक कर्ज होतं, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं. संतापण्यासारखंच आहे हे. पवनचक्क्यांसाठी आपल्याकडे जमिनी कशा घेतल्या गेल्या, यावरही आदिवासी शेतकऱ्यांचा राग आहे आणि तो योग्य आहे. भांडायचं तर मोबदल्यावर, करारावर, कर्जाच्या अटींवर भांडा. ते भांडण सोडून ढगांची भुताटकी उठवली की सगळ्यात जास्त फावतं जमीन स्वस्तात घेणाऱ्याचंच.

सौरपंपाबद्दल खरी शंका वेगळीच आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. या योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्यापुढे ७.५ एचपी पंप मिळतो. यावल-रावेरकडे ज्यांचे बोअर फार खोल गेलेत त्यांना ७.५ सुद्धा पुरेलच असं नाही, त्यांनी विचार करूनच अर्ज करावा. आबांची तर विहीर आहे, आणि मार्चपर्यंत तिला पाणी असतं. त्यांनी उन्हाळ्यातली पाण्याची पातळी दोर सोडून मोजावी, तेवढ्या खोलीवरून पंप दिवसाला किती पाणी देईल आणि बिघडला तर दुरुस्तीला कोण येईल, हे बसवणाऱ्याकडून लिहून घ्यावं, आणि मुदत संपायच्या आत हिस्सा भरून टाकावा.