चिखलाच्या जरा डावीकडे

आमच्या पक्षिमित्र मंडळाचे सेक्रेटरी मंगळ, साडेसाती यातलं काहीएक मानत नाहीत. पण सहल ठरवायची म्हटली की आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. रविवारी षष्ठी. सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि साडेदहा-पावणेअकराला ओहोटी. ठाण्याच्या खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे तर या दोहोंच्या मधली वेळ गाठावी लागते. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे निघून जातात. पुरती ओहोटी झाली की पक्षी ढिगाने, पण बोट रुतते. तात्पर्य, ‘सर्वांनी पावणेसातला ऐरोलीच्या जेट्टीवर हजर राहावे.’

चंद्राने पाणी ओढायचं आणि त्यापायी मी रविवारी पाचला उठायचं, हा कुठला न्याय, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘‘अहो, ते भगवं जर्किन नको हं. पक्षी बुजतात.’’ मंडळाची सभासद ती. मी नुसता सोबत.

जेट्टीवर थंडी होती, म्हणजे मुंबईकरांची थंडी: अठरा अंश, आणि त्यासाठी माणशी एक माकडटोपी. निम्मी मंडळी बँकेतून निवृत्त झालेली, उरलेली निवृत्त व्हायला उत्सुक. एकेकाच्या गळ्यात माझ्या स्कूटरपेक्षा महाग लेन्स. बोट सुटताच एका ज्येष्ठ सभासदांनी माहिती दिली, की हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्रफळ सुमारे १६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं. शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, हे राम सर कुठल्या शाळेत होते? रामसर हे इराणातलं गाव असून पाणथळ जागांचा करार तिथे १९७१ साली झाला, हे ज्येष्ठांनी ऐकून लगेच सांगितलं. पक्षिनिरीक्षकांचे कान भलतेच तिखट असतात.

डोळ्यांचं मात्र माझ्या बाबतीत काही खरं नव्हतं.

पक्षी कुठे आहे ते सांगायची यांची एक पद्धत आहे. बोटीच्या नाकावर बारा वाजलेत असं धरायचं आणि बाकी सगळं घड्याळाप्रमाणे. ‘‘दहा वाजता गॉडविट!’’ असं कुणी म्हणेपर्यंत बोट वळलेली असते आणि दहाचा गॉडविट अडीचवर गेलेला असतो. मग माझ्यासारख्यासाठी खास शिकवणी.

‘‘तो चिखल दिसतोय?’’ सेक्रेटरी.

समोर पार भांडुपपर्यंत चिखलच होता. ‘‘दिसतोय.’’

‘‘त्याच्या जरा डावीकडे.’’

‘‘तिथेही चिखलच आहे.’’

‘‘बरोबर. त्यात एक काठी आहे, बघा.’’

जाळी बांधायला रोवलेल्या काठ्या खाडीभर होत्या. ‘‘कुठली?’’

‘‘जिच्यावर बगळा बसलाय ती.’’

‘‘दिसला! दिसला बगळा!’’ बगळा दिसल्याचा इतका आनंद मला याआधी कधी झाला नव्हता.

‘‘तो नव्हे हो. त्याच्या मागे, चिखलाच्याच रंगाचा आहे ना, तो.’’

तेवढ्यात तो उडालाही. बोटीतल्या सगळ्यांनी ‘वा!’ म्हटलं. निम्म्यांनी तरी ते माझ्यासारखंच दुसऱ्यांचं ऐकून म्हटलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

हिवाळ्यात खाडीवर येणाऱ्या पक्ष्यांत करड्या-तपकिरी, चिमणीएवढ्या पाहुण्यांची मोठी फौज असते. हे बिचारे पार उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून उडत येतात. त्यातला लिटल स्टिंट जेमतेम पंचवीसेक ग्रॅमचा, म्हणून मला त्याच्याविषयी खरोखर आदर आहे. पण त्याचा एक भाऊबंद आहे, टेमिंक्स स्टिंट. दोघांतला फरक कसा ओळखायचा? लिटलचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. आणि ज्यांचे पाय बघायचे ते दोघेही घोट्यापर्यंत चिखलात! यावर बोटीत पंधरा मिनिटं वाद झाला. आमच्या नावाड्याला दुर्बीण लागत नाही. ‘‘दादा, ते चार दिवस तिथंच हायेत,’’ एवढंच तो म्हणाला, पण कोण, ते त्यानेही सांगितलं नाही.

वाद चालू असताना पलीकडे हजारो रोहित उभे होते. गुलाबी, नुसते गुलाबी! डोकी उलटी करून चोचीने पाणी गाळत होते. मला न सांगता, न शिकवता, चष्म्याविना दिसले. मी ‘‘अरे!’’ म्हणून ओरडलो. बायकोने कोपर मारलं. मागाहून कळलं, की रोहित बघून ओरडणं हे नवशिक्याचं लक्षण. जुना सभासद त्यांच्या पायांत कोण फिरतंय ते बघतो. त्यांच्या गुलाबी रंगामागे शैवाल, आणि खाडीत शैवाल माजण्यामागे आपलं सांडपाणी, असं जाणकार म्हणतात. म्हणजे मुलुंड-ठाण्याच्या मोऱ्यांचं एवढं देखणं रूप दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? पण या मुद्द्यात कुणालाच रस नव्हता.

रस होता मोजणीत. एवढे पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. दहा मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्यायचं, मग त्या मापाचे ठोकळे थव्यावर ठेवत जायचं. सेक्रेटरींचे ठोकळे बारीक, ज्येष्ठांचे ऐसपैस. एकाचे अडीच हजार, दुसऱ्याचे सोळाशे. शेवटी भाजीवालीशी व्हावा तसा सौदा दोन हजारांवर तुटला.

बोट परतली. जेट्टीवर चहा, थेपले आणि यादीवाचन. सेक्रेटरी एकेक नाव घेणार, पाहिलेल्यांनी हात वर करायचा. शेकाट्या, उचाट्या, कुरव, चित्रबलाक, ब्राह्मणी घार... बायकोचा हात खाली येतच नव्हता. माझा वर जात नव्हता. रोहितला तेवढा गेला.

‘‘कावळा?’’ सेक्रेटरी वाचता वाचता थांबले. ‘‘कावळा कुणीच लिहिलेला नाही?’’

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लिटल की टेमिंक या भानगडीत कावळ्याकडे बघायला कुणाला सवड होती? मी थेपल्यासकट हात वर केला. घड्याळाप्रमाणे सांगायचं तर सहा वाजता, बरोबर माझ्या पाठीमागच्या कठड्यावर.

‘‘शाब्बास,’’ सेक्रेटरी पेन सरसावून म्हणाले. ‘‘किती?’’

मी म्हटलं, ‘‘ठोकळा कुणाचा धरायचा, तुमचा की सरांचा?’’