दुखत नाही म्हणून थांबू नका

मानेतल्या गाठींवरचा एक लेख नुकताच वाचला. गाठ दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, हे त्यातलं वाक्य अगदी खरं. माझ्या थोरल्या भावाच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती. कडक, बोटाने न हलणारी. दुखत नव्हती, म्हणून तो निवांत. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, दोन महिने गेले. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गाठीआधी तोंड बघितलं: जिभेचं मूळ बोटाने चाचपलं, नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्रापर्यंत पाहिलं. मूळ दुखणं टॉन्सिलमध्ये निघालं.

लेखात एक राहिलंय. गाठ थेट कापून काढायची घाई नको; आधी सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशींची तपासणी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, या भीतीने आमच्याकडे आठवडा वाया गेला. बारीक सुईने तसं होणं अत्यंत दुर्मिळ आहे, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

अर्थात, लहान मुलांच्या बहुतेक गाठी घशाच्या संसर्गाने येतात. टीबीचीही असू शकते, आणि ती औषधांनी बरी होते. पण चाळिशीनंतरची न दुखणारी, वाढती गाठ कॅन्सरची असू शकते; तशी असेल तर कृपया आजच अपॉइंटमेंट घ्या.