पी की एस?

गेल्या मंगळवारी नाशिकच्या रविवार कारंज्याच्या सिग्नलला एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या कमोडवर टिचकी मारली. कलिंगड घेताना मारतात तशी. मग कान देऊन आवाज ऐकला आणि रिक्षातल्या बाकीच्या तिघांना सांगितलं, "बरा आहे."

कमोड माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर, माझ्या कमरेला टेकून, सुतळीनं बांधलेला होता. खोका फाटका म्हणून दुकानदारानं दोनशे रुपये कमी केले होते आणि पंचवटीपर्यंत टेम्पोवाला साडेतीनशे मागत होता. एकूण साडेपाचशे रुपये वाचवून मी चांदीच्या गणपतीसमोर, संध्याकाळी सहाच्या गर्दीत, उघडावाघडा कमोड घेऊन उभा होतो.

आत्या मुलाकडे पुण्याला गेली, तिचं पंचवटीतलं जुनं घर रिकामं पडलं आणि भाडं वाचेल म्हणून आम्ही तिथं राहायला आलो. आईचे गुडघे गेलेत आणि संडासात देशी भांडं. म्हणून कमोड. दुरुस्तीला साठ हजार बाजूला काढले होते, त्यातले बावन्न संपलेत. कशात, ते बायकोच्या वहीत आहे. मी ती वही उघडत नाही.

"केवढ्याला?" रिक्षातून डोकं बाहेर आलं. पांढरी टोपी, मांडीवर मेथीची जुडी. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण सिग्नलवर 88 चा आकडा होता, आणि एवढा वेळ बहिरं राहणं मला जमत नाही.

"तीन हजार आठशे."

"झाकणासकट?"

"झाकणासकट."

"आणि टाकी?"

"टाकी वेगळी."

"मग महाग पडला." त्यांनी मेथीची जुडी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "घरी कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. आईचे गुडघे दुखतात."

"म्हणूनच दुखतात!" ही आतल्या कोपऱ्यातली बाई. "आमच्या सासूबाई नव्वदीपर्यंत देशीवर बसल्या. शेवटपर्यंत टणटणीत." आईचे गुडघे देशीवरच बसून गेलेत हे मी सांगणार होतो, पण रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "सेकंडहँड आहे का, भो?"

नवा आहे, नुसता खोका फाटलाय, हे मी जरा मोठ्यानं सांगितलं. मागच्या बाइकवरच्या पोरानं हेल्मेटची काच वर करून खात्री केली. टिचकी पडली ती इथं. आणि मग टोपीवाल्यांनी तो प्रश्न विचारला.

"एस ट्रॅप का पी ट्रॅप?"

"पांढरा," मी म्हणालो.

रिक्षात क्षणभर शांतता. मग त्यांनी, शाळेतले चांगले मास्तर 'ढ' पोराला समजावतात तशा मायेनं, मेथीच्या दांड्यानं कमोडचा तळ दाखवला. "हे बघा, घाण जायचं तोंड खाली जमिनीकडे असलं तर एस. मागे भिंतीकडे असलं तर पी. तुमचं भोक कुठंय? जमिनीत का भिंतीत?"

माझा पगार लोकांनी विचारलाय, दुसरं मूल कधी हेही विचारलंय. हे मात्र नवीन होतं.

"मिस्त्रीला माहीत आहे," मी म्हणालो.

"पण आणायला तुम्ही गेला होतात ना?" ते म्हणाले. "आमचं जमिनीत आहे. आम्हाला हाच लागेल. दिवाळीच्या आत बसवायचाय." तेवढ्यात हिरवा लागला, मागून शंभर हॉर्न वाजले आणि रिक्षा होळकर पुलाकडे सुटली. "बघून बसवा!" एवढं ऐकू आलं. मेथी हलताना दिसली.

जुन्या घरात राहायला गेल्यापासून सगळं जग माझे मास्तर झालंय. नाशिकमध्ये पूर मोजायला दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीचं पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं गाव अंदाज बांधतं. आमच्याकडे ओल मोजायला स्विचबोर्ड आहे. आलो तेव्हा ओल बोर्डाच्या वीतभर खाली होती, म्हणून मे महिन्यात अकरा हजार घालून सिमेंटचा गिलावा करून घेतला. ऑगस्टमध्ये तो पापडासारखा फुगला, पोपडे सुटले, पांढरा लोणा धरला आणि ओल बोर्डाच्या वर गेली. तेव्हा गवंडी भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "साहेब, ही चुन्यातली भिंत. हिला श्वास घ्यायला लागतो. सिमेंट मारलं की पाणी बाहेर निघत नाही, मग वर चढतं. चुन्याचाच गिलावा पाहिजे होता."

हा तोच गवंडी. अकरा हजार घेणारा.

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही सिमेंट म्हणालात."

आता तो 2027 च्या सिंहस्थाच्या कुठल्याशा कामावर आहे आणि माझा फोन उचलत नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा! बारा वर्षांनी येणारा कुंभ बघायचा की माझा स्विचबोर्ड? पण खरं सांगतो, राग येतो. नव्या फ्लॅटवाल्याच्या दारात फर्निचरवाले रांग लावतात. जुन्या घरवाल्याला सल्ला द्यायला अख्खी गल्ली ओट्यावर बसते आणि घमेलं उचलायला कुणी मिळत नाही. समोरचे काका तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन आमच्या भिंतीकडे बघतात आणि "पाडून टाका" म्हणतात. त्यांच्या भिंतीलाही लोणा लागलाय. त्यांनी तिथं कॅलेंडर टांगलंय.

असो. बुधवारी प्लंबर आला. त्यानं कमोड आडवा केला, खाली वाकून बघितलं, मग संडासाच्या कोपऱ्यात टॉर्च मारला. संडास वरच्या मजल्यावर, त्याच्या खाली लाकडी तक्तपोशी, त्यामुळे पाइप जमिनीतून नाही, भिंतीतून बाहेर जातो.

"हा एस आहे," तो म्हणाला. "तुम्हाला पी पाहिजे."

मला डोळ्यांसमोर मेथी दिसली.

दुकानदारानं बदलून द्यायला नकार दिला. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलंच होतं. मी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा काढला. त्यानं शांतपणे विचारलं, "माल खराब आहे का?" माल ठणठणीत होता, अनोळखी माणसानं वाजवून बघितला होता. खराबी ग्राहकात होती. वर तो म्हणाला, "आणि सुतळीचे वळ उठलेत."

बायकोनं वहीत नोंद केली: 'कमोड, 3,800, चुकीचा.' 'चुकीचा'खाली रेघ आहे. ती कमोडसाठी नसावी. आई काठी टेकत टेकत देशीवरच जाते आणि मला काही म्हणत नाही. हे जास्त वाईट.

कमोड सध्या ओसरीवर आहे. मी मात्र रोज संध्याकाळी सहाला रविवार कारंज्यावर स्कूटर कडेला लावून प्रत्येक रिक्षात वाकून बघतो. पांढऱ्या टोप्या नाशिकमध्ये काय थोड्या आहेत? पण त्यांचं भोक जमिनीत आहे, त्यांना दिवाळीच्या आत हवाय आणि मी तीन हजारांना द्यायला तयार आहे. त्यांना महाग वाटलं तर अठ्ठावीसशेला. परवा सिग्नलवरच्या पोलिसानं दुसऱ्यांदा हटकलं, "काय शोधताय?"

मी खरं ते सांगितलं. त्यानं थोडा विचार केला.

"झाकणासकट?" त्यानं विचारलं.