ड्रायरमधली फोडणी

भर नोव्हेंबरात, मिशिगनमधल्या एका इमारतीच्या तळघरात, एका परक्या माणसाने माझ्या बनियनचा वास घेतला. न विचारता. धुतलेल्या बनियनचा, हे मुद्दाम सांगतो, कारण हिला हकीकत सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न तोच होता.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं कोल्हापूरहून आलोय. हिच्याकडे स्वयंपाकघर, बाळ आणि बाळंतीण. माझ्याकडे क्वार्टरच्या नाण्यांची पिशवी आणि तळघरातली सामायिक यंत्रं. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं त्याच चार यंत्रांत कपडे धुतात.

त्या सकाळी खाली गेलो तर एका ड्रायरच्या तोंडात अख्खं डोकं घालून एक इसम गुडघ्यावर बसला होता. मला वाटलं मेकॅनिक असेल. तेवढ्यात आतून हुंगल्याचा आवाज आला. लांब, दमदार श्वास. मग एक गॅप. मग दुसरा. डोकं बाहेर आलं: लाल दाढी, टोपी, तिशी-पस्तिशीचं वय.

"बडी, यात शेवटचे कपडे तुझे होते का?"

मी त्याच्या बापाच्या वयाचा. पण इथे सगळेच बडी. म्हटलं, हो, काल संध्याकाळी.

"काय शिजवलंस यात?"

हा प्रश्न त्याने चिडून विचारला असता तर मलाही चिडता आलं असतं. पण त्याचा चेहरा खरोखर जिज्ञासू होता, दवाखान्यात डॉक्टर 'काल काय खाल्लं होतं?' विचारतात तसा. मी म्हटलं, कपडे वाळवले. टॉवेल, दुपटी, लंगोट, माझे दोन बनियन. तो म्हणाला, "नाही. यात अजून काहीतरी आहे." आणि माझ्या बादलीतून वरचाच बनियन उचलून त्याने नाकाला लावला.

त्याने डोळे मिटले. मी आजूबाजूला पाहिलं. सुदैवाने कोणी नव्हतं.

"लसूण," तो म्हणाला.

बरोबर होतं. आमच्या घरी सध्या लसूण सोलून सोलून हिची नखं पिवळी पडलीयेत.

"बडीशेपेसारखं काहीतरी."

बाळंतशेपा. मी मान डोलावली. मला आता यात रस वाटू लागला होता, कबूल कशाला नाही करायचं.

"धूर आहे. पण लाकडाचा नाही."

ओवा आणि वावडिंगाची धुरी! इथे शेगडी पेटवली तर छतावरचा भोंगा बोंबलतो, म्हणून ही तव्यावर चिमूटभर ओवा तडतडवते आणि मी भोंग्याखाली वर्तमानपत्र हलवत उभा राहतो. एवढ्याशा धुराचा माग या माणसाने दोन धुण्यांनंतर काढला. मग तो अडला. पुन्हा हुंगलं, कपाळाला आठी घातली.

"आणि हे एक. हे मला माहीत नाही. हे... भयंकर आहे."

"हिंग," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, खोटं कशाला बोलू. अफगाणिस्तानात, इराणात एका झाडाच्या मुळाला चिरा देऊन चीक काढतात, वाळवतात, आणि तो आमच्या वरणात पडतो, हे त्याला माझ्या इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वाऱ्यावर किती लांब जातो?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. साहेब शिकारी होते.

मिशिगनात १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. वार कुठलाही असो, तारीख तीच. ३० तारखेपर्यंत चालतो. काही गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं वीस लाखांच्या आसपास, आणि त्यांच्या मागे लागणारी माणसं पाच लाखांहून जास्त. १९९७ पासून हे हरीण राज्याचा मानाचा प्राणीही आहे. मान दिल्यावर गोळी घालतात, हा प्रकार मला नोकरीत पाहून माहीत होता.

तर हरणाला माणसाचा वास येतो म्हणून शिकारीचे कपडे धुवायचं एक शास्त्र आहे, आणि ते त्याने मला उभ्या उभ्या सोवळ्यासारखं समजावलं. आधी यंत्र रिकामं फिरवायचं, खायचा सोडा घालून, म्हणजे मागच्या माणसाच्या साबणाचा वास जातो. साबण बिनवासाचाच. त्यात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालतात ती चमक नको, कारण हरणाला आपल्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण थोडेफार दिसतात आणि तसल्या साबणाने धुतलेली विजार त्याला झाडीत चकाकताना दिसते म्हणे. उलट डोक्यावरची भडक नारिंगी टोपी, जी कायद्याने घालावीच लागते, ती त्याला मातकट दिसते. ड्रायरमध्ये लोक टाकतात त्या सुगंधी चिंध्यांचं तर नावही काढायचं नाही. मग कपडे बाहेर वाऱ्यावर वाळवायचे, प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या पेटीत ओकची पानं आणि थोडी माती घालून ठेवायचे, आणि घरातून निघताना नव्हे, जंगलाच्या काठाला गाडी उभी करून मगच अंगावर चढवायचे. अंघोळही बिनवासाच्या साबणाने. कांदा-लसूण आधीचे काही दिवस बंद.

माझ्या आजीचं सोवळं याहून सैल होतं. ती निदान वलनीवरचं धाबळीचं लुगडं काठीने उतरवून नेसायची आणि मोकळी व्हायची.

"मग ड्रायर कशाला हवाय?" मी विचारलं. "बाहेर वाळवायचे ना?"

"पाऊस," तो म्हणाला, आणि खिडकीकडे असं बघितलं जणू पाऊसही मीच घेऊन आलो होतो.

आता हे सगळं मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण हा उपदेश चालू असताना त्याच्या हातात अर्ध्या लिटरचा कॉफीचा पेला होता. गालात तंबाखूची गोळी होती. विजारीला कुत्र्याचे केस होते, आणि कुत्रं ओलं झालं होतं हे मलाही कळत होतं, माझं नाक तर सर्दीने बंद. त्याने मग वॉशिंग मशीनवर एक छोटी बाटली ठेवली. विचारलं, हे काय? म्हणाला, कोल्ह्याचं मूत्र. बुटाच्या तळव्याला चार थेंब लावले की माणसाचा वास झाकतो. विकत मिळतं.

म्हणजे बघा. आमच्या नातीच्या दुपट्याला ओव्याचा वास आला तर आपत्ती, आणि त्याच यंत्राच्या झाकणावर कोल्ह्याचं मूत.

मला शिकारीतलं अगदीच काही कळत नाही असं नाही. कोल्हापूरचा माणूस आहे. शाहू महाराजांच्या काळी आमच्याकडे चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची. देशातले चित्ते संपत आले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. चित्ता पाळणारे ते चित्तेवान. आणि ही शिकार कशी चालायची? चित्त्याच्या डोळ्यांवर टोपडं बांधून त्याला गाडीत बसवायचं आणि गाडी हाकत हाकत कळपाजवळ न्यायची. हरणं पळायची नाहीत. का? कारण बैलगाडी त्यांच्या रोजच्या बघण्यातली. बैल, शेण, गाडीवानाची विडी, कडबा, हे सगळं त्यांच्या नाकाला सवयीचं. गाडीत एक चित्ता बसलाय हे कळेपर्यंत टोपडं निघालेलं असायचं. कुणी गाडीवानाला बिनवासाच्या साबणाने अंघोळ घातल्याचं मी ऐकलेलं नाही. ते चित्तेही गेले, काळवीटही आटले, आणि १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे तुरुंग. तेव्हा आमची विद्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरून उभी आहे, हे मान्य. पण मुद्दा राहतोच की जनावर वासाला भीत नाही, अनोळखी वासाला भितं.

हे मी त्याला सांगितलं. म्हटलं, तुझ्या हरणांनी आजवर हिंग हुंगलेलाच नाही, त्यांना तो माणसाचा वास आहे हे कळणार कसं? उलट चार दिवस जंगलात कांदा-लसूण मसाला शिंपड, सवय होईल.

तो गंभीर झाला. खरंच विचार करत होता. मग म्हणाला, "रिस्क आहे."

पुढे मी असंही म्हटलं की कपड्यांचं सोड, तुझा श्वास कसा धुणार? माणसाचा वास काय फक्त सदऱ्यात असतो? कातडीचे कण सतत गळतात, घामावर जंतू पोसले जातात, तोंडातून तर अख्खा भाता चालू असतो. इथल्याच कुणीतरी २००२ साली शोधकुत्र्यांवर प्रयोग केला होता, वास शोषणारे कोळशाच्या अस्तराचे महागडे कपडे घालून माणसं लपवली, आणि कुत्र्यांनी जवळजवळ सगळी हुडकून काढली. हे मला जावयाने आदल्याच रात्री वाचून दाखवलं होतं, नाहीतर मला कुठून माहीत. (जावई स्वतः शाकाहारी, पण असल्या गोष्टी वाचतो.) दाजीपूरला गवे बघायला गेलो होतो तेव्हा वाटाड्याने एकच नियम सांगितला होता: वारा तोंडावर घ्या. बाकी त्याच्या अंगाला बिडीचा आणि घामाचा जो वास होता त्यावरून गव्यांनी त्याला नावाने ओळखलं असतं.

वाऱ्याचं नाव काढलं तसा माणूस बदलला. खिशातून त्याने एक सुकलेलं बोंड काढलं, चिमटीने त्यातला एक रेशमी तंतू सोडला आणि तो तळघराच्या हवेत तरंगत, वळत, ड्रायरच्या मागच्या फटीकडे गेला. "बघ," तो कुजबुजला, "सकाळी ऊन लागलं की वारा असा वर चढतो, संध्याकाळी उतरतो. खरा खेळ हाच आहे. कपडे वगैरे..." आणि खांदे उडवले. आपली रुईची म्हातारी, दुसरं काय! त्यांचं झाड वेगळं, पण घराणं तेच. आम्ही दोघं प्रौढ माणसं त्या यंत्रघरात म्हाताऱ्या सोडत उभे राहिलो. तेवढा वेळ मला तो आवडला होता, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना मला ते आठवणार नाही.

शिकारीहून तो हात हलवत परत आला. जिन्यात भेटला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, मोठा नर आला होता, ऐंशी पावलांवर थांबला, नाक वर केलं, आणि शेपटी उभारून गेला. मग माझ्याकडे पाहून, अगदी मायेने, "तो ड्रायर, बडी."

म्हणजे वारा नाही. कॉफी नाही. तंबाखू नाही. कुत्रं नाही. पेट्रोल भरताना हातावर सांडलं असेल, तेही नाही. नातीची दुपटी!

आणि आज तळघराच्या दारावर ऑफिसने कागद लावलाय. रहिवाशांनी 'तीव्र वास असलेले' कपडे सामायिक यंत्रांत घालण्याआधी इतरांचा विचार करावा. नाव कुणाचंच नाही. या इमारतीत फोडणी करणारी घरं किती, ते जिन्यात उभं राहून कुणीही मोजू शकतं. आमच्या मजल्यावर एक बाई भोपळ्याच्या सुवासाच्या मेणबत्त्या लावते, अख्खा व्हरांडा दालचिनीत बुडतो. त्याला तीव्र वास म्हणत नाहीत, त्याला सणाचं वातावरण म्हणतात. ऑफिसातली पोरगी दिवसभर मायक्रोवेव्हमध्ये लोण्याचे मक्याचे फुटाणे भाजते. तिच्याकडे मी विचारायला जाणार होतो. लेकीने दार अडवलं.

"बाबा, राहू द्या ना. भाडेकरार नव्याने करायचाय."

मग ती काय काय करते ते मला दिसायला लागलं. फोडणीच्या आधी सगळे कोट आतल्या कपाटात कोंबून दाराखाली टॉवेल लावते. उणे तापमानात खिडकी उघडते, बाळाला आतल्या खोलीत नेऊन. ऑफिसला डबा नेताना सँडविचच नेते, भाजी-पोळी नाही, आणि विचारलं तर 'वेळ नसतो' म्हणते. परवा डॉक्टरकडे निघताना तिने दारात स्वतःच्या कोटाची बाही नाकाला लावून बघितली. पटकन, सवयीने. मी बघतोय हे तिला कळलं नाही. तो लाल दाढीवाला निदान वर्षातून एका हंगामापुरता हा खटाटोप करतो, आणि तोही हरणासाठी. आमची पोरगी बारा महिने करते, कोणासाठी, तर लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चार माणसांसाठी. त्यांतल्या एकालाही म्हातारी सोडता येत नसेल.

हिला कागदाचं सांगितलं. ती खलबत्त्यातून मान वर न करता म्हणाली, "तीव्र म्हणजे? अजून मी सुकं खोबरं भाजलेलंच नाही."

कोल्हापूरहून आणलेला कांदा-लसूण मसाला तळाला आलाय, त्यामुळे तो आता इथेच करायचा बेत आहे. मिरच्या मिळाल्यात. भाजताना भोंग्याखाली मी उभा राहणार. दाढीवाल्याला मात्र मी सांगितलेलं नाही. बंदुकीचा हंगाम संपला तरी धनुष्यबाणाचा १ डिसेंबरला पुन्हा सुरू होतो आणि १ जानेवारीपर्यंत चालतो. धनुष्याला जनावर फार जवळ यावं लागतं, तेव्हा कपडे आणखी काटेकोर धुवावे लागतात, असं तोच म्हणाला होता. आमचं परतीचं तिकीट जानेवारीच्या अखेरचं आहे.