बाटली, पाकीट आणि डॉ. महालनबिस

पावसाळा लागला की नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं पाकिटातलं द्रावण, हे नुसतं मीठ-साखरेचं पाणी, गरिबाची समजूत काढायला दिलेलं. ते देणाऱ्या डॉ. दिलीप महालनबिसांकडची सलाईन संपली होती, म्हणून नाइलाजाने त्यांनी ते पाजलं. खरा इलाज सलाईनची बाटलीच. आणि ज्याला उलट्या होतायत त्याला पाजून उपयोग काय?

मी पेठ तालुक्यात आरोग्यसेविका होते. हा मजकूर वाचून एखादी आई हातातलं पाकीट बाजूला ठेवून गाडीची वाट बघत बसेल, या विचाराने झोप लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

सलाईन संपत आली होती, इथवर खरं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांनी बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. पटकीचे (कॉलऱ्याचे) रोगी जमिनीवर पडलेले, खोल्या दोनच. पण उपाय त्यांना त्या दिवशी सुचला नव्हता. महालनबिस बालरोगतज्ज्ञ, आणि कलकत्त्याच्या संशोधन केंद्रात आधीपासून याच द्रावणावर काम करत होते. ढाक्यात १९६८ साली पटकीच्या रोग्यांवर ते तपासूनही झालं होतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मापून-मोजून. बनगावात त्यांनी द्रावण पिंपांत भरलं आणि रोग्याच्या आईला, भावाला सांगितलं, तुम्ही पाजा. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. औषध डॉक्टरच्या हातून काढून घरच्या माणसाच्या हाती देणं त्या काळी कोणाला पटणारं नव्हतं. तिथे १०० पैकी सुमारे ३० रोगी दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

शिवाय, ज्याची नाडी लागत नव्हती त्याला उरलेली सलाईन तेही आधी लावत. बाटलीशी त्यांचं वैर नव्हतं. जो पिऊ शकतो, त्याला सुईची गरज नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता 'नुसतं मीठ-साखरेचं पाणी'. हगवणीत साधं पाणी आतड्यात पुरेसं शोषलं जात नाही. पण साखर आणि मिठातलं सोडियम एकाच वाटेने, जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीतही ही वाट बंद होत नाही. म्हणून प्रमाण महत्त्वाचं: एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर वाढवली तर उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. त्यामुळे कोल्ड्रिंक किंवा गोड सरबत हे ओआरएस नव्हे.

गरिबांचा उपाय? १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं होतं. महालनबिस पुढे जागतिक आरोग्य संघटनेत आणि ढाक्यात याच कामात राहिले, आणि उतारवयात कलकत्त्याच्या बालरुग्णालयाला एक कोटी रुपये दिले. २०२२ साली ते गेले. पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं. पाड्यावरून रस्त्यापर्यंत मूल खांद्यावर घेऊन उतरावं लागतं, तिथे हातात पाकीट असणं ही माझ्या लेखी श्रीमंतीच आहे. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या गर्दीतही त्याची गरज पडेल.

राहिली उलटी. पाजलेलं सगळं बाहेर पडत नाही. बाळाला उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने परत सुरू करा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा. अर्धं पाकीट अंदाजाने नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. बाळ गळून गेलं, पीतच नसेल, किंवा जुलाबात रक्त दिसलं, तर मात्र पाजत पाजतच दवाखाना गाठा.