"एकदा टॅक्सीचं लायसन्स मिळालं की कोणी विचारत नाही": फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची शिकायला इंग्लंडला आली त्याच आठवड्यात सांगलीहून धाकट्या बहिणीने मला एक मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे खरं आहे का गं? मला झोप लागत नाहीये." पुढच्या चार दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. मजकूर असा: "इंग्लंडमध्ये टॅक्सीचं लायसन्स म्हणजे फी भरली की मिळणारं कार्ड. एकदा मिळालं की तीन वर्षं कोणी बघत नाही. कोर्टात गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय कौन्सिल हात लावू शकत नाही. एका गावाने काढून घेतलं तर शेजारच्या गावात मिळतं. घरात खाणारी तोंडं आहेत म्हणून रडलं की सोडून देतात. तक्रार करून काही होत नाही. मुलींनो, सांभाळा."

मुलींनी सांभाळावं हे कबूल. बाकीच्यातलं बहुतेक चुकीचं आहे, एक विधान अर्धं खरं आहे, आणि एक असं आहे की त्यावर विश्वास ठेवल्यानेच नुकसान होतं.

माझ्या नवऱ्याने इथे अकरा वर्षं मिनीकॅब चालवली. त्याची कागदपत्रं, तारखा, पत्रव्यवहार सगळं मी सांभाळलं. आता ओळखीतल्या चालकांना अर्ज भरायला आणि सुनावणीची तयारी करायला मदत करते. म्हणजे एका बाजूला रात्री उशिरा एकटीने गाडीत बसणारी भाची आहे आणि दुसऱ्या बाजूला बॅजवर घर चालवणारी माणसं आहेत. दोघांचीही काळजी मला आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी एवढं लक्षात घ्या. आपल्याकडे रिक्षा-टॅक्सीचा बॅज आणि परमिट म्हटलं की आरटीओ. इंग्लंडमध्ये लंडन सोडलं तर हे काम स्थानिक कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं आहे. लंडनमध्ये ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहे. रस्त्यात हात करून थांबवता येते ती हॅकनी कॅरेज, तिचा मूळ कायदा १८४७ चा. आधी बुक करावीच लागते ती प्रायव्हेट हायर, म्हणजे मिनीकॅब किंवा ॲपवरची गाडी, तिच्यासाठी १९७६ चा कायदा. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. पुढचं सगळं इंग्लंडबद्दल, लंडनबाहेरचं.

"फी भरली की मिळणारं कार्ड."

कायद्याची भाषा उलटी आहे. अर्जदार या कामाला लायक आणि योग्य माणूस आहे अशी खात्री पटल्याशिवाय कौन्सिलने लायसन्स द्यायचंच नाही. खात्री पटवून देणं हे अर्जदाराचं काम. त्यासाठी एन्हान्स्ड डीबीएस तपासणी होते, म्हणजे माणसाच्या पूर्वेतिहासाची सरकारी पडताळणी. तिच्यात शिक्षा झालेले गुन्हे तर येतातच, शिवाय पोलिसांना महत्त्वाची वाटलेली इतर माहितीही येऊ शकते, आणि मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या याद्याही तपासल्या जातात. २०१६ च्या डिसेंबरपासून देशात काम करण्याचा हक्क आहे का हेही बघणं सक्तीचं आहे. वैद्यकीय तपासणी, इंग्रजी बोलता-लिहिता येतं का याची चाचणी, प्रवाशांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण हे कौन्सिलच्या धोरणाप्रमाणे येतं.

२०२० च्या जुलैमध्ये सरकारने सर्व कौन्सिलांसाठी मानकं काढली. त्यात निर्णय घेणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारायचा आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर: तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, त्याची अवस्था कशीही असो, दिवसा-रात्री कधीही, या चालकाच्या गाडीत एकटं बसू द्याल का? उत्तर "नाही"कडे झुकत असेल तर लायसन्स नाही. संशयाचा फायदा अर्जदाराला द्यायचा नाही, असंही तिथे स्पष्ट लिहिलं आहे. बहिणीला मी फोनवर आधी हेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण पोरीला कोणासोबत पाठवताना जे मनात आणतो, तेच की." अगदी तेच.

"तीन वर्षं कोणी बघत नाही."

लायसन्स साधारण तीन वर्षांचं असतं हे बरोबर. २०१५ पासून तसा नियम आहे. पण मधली वर्षं मोकळी नसतात. २०२० च्या मानकांप्रमाणे डीबीएस दर सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली, तर चालकाने ४८ तासांत कौन्सिलला कळवायचं, आणि न कळवणं हाच त्याच्या प्रामाणिकपणावर प्रश्न ठरतो. गंभीर प्रकरणात खटला उभा राहायच्या आधीही पोलीस कौन्सिलला माहिती देऊ शकतात. आमच्या फ्रिजवर या सगळ्या तारखांचा एक कागद चुंबकाने लावलेला असायचा: डीबीएस, मेडिकल, गाडीची तपासणी, विमा. नवऱ्याचा वाढदिवस मी एकदा विसरले, मेडिकलची तारीख कधीच विसरले नाही. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाच्या वेळी करखात्याकडून मिळणारा कोडही द्यावा लागतो. तो नसला की अर्ज पुढे सरकत नाही.

"कोर्टात गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय हात लावू शकत नाही."

हा गैरसमज चालकांमध्येही खोलवर आहे. सुनावणीला जाताना दहातले आठ जण मला म्हणतात, "पोलिसांनी केस बंद केली ना, मग हे कशाला बोलावतात?"

१९७६ च्या कायद्याचं ६१ वं कलम वाचा. अप्रामाणिकपणा, अश्लील वर्तन किंवा हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा हे लायसन्स स्थगित किंवा रद्द करण्याचं एक कारण आहे. त्याच्या शेजारीच दुसरं कारण आहे: "इतर कोणतंही वाजवी कारण". या चार शब्दांत सगळं आलं. फौजदारी कोर्टात वाजवी शंकेपलीकडे पुरावा लागतो. इथे घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच बघतात. निर्दोष सुटलेल्या चालकाचंही लायसन्स जाऊ शकतं, कारण कौन्सिल शिक्षा देत नसते, पुढच्या प्रवाशाचा विचार करत असते. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी गरज असेल तर निर्णय त्याच क्षणापासून लागू करता येतो. तो अधिकार २००६ च्या रोड सेफ्टी कायद्याने दिला. एरवी निर्णय लागू व्हायला २१ दिवस असतात, आणि अपील केलं तर ते सुटेपर्यंत चालकाला काम करता येतं.

सुनावणी कशी असते ते सांगते. कौन्सिलच्या इमारतीतली एक साधी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. एका बाजूला तीन नगरसेवक, बाजूला त्यांना कायद्याचा सल्ला देणारा वकील. लायसन्सिंग ऑफिसर अहवाल वाचतो: कोणत्या तारखेला काय घडलं, फाइलमध्ये आधीचं काय आहे. मग चालक बोलतो. माझ्यासोबत आलेल्या एकाने घरून आणलेली प्लास्टिकची फाइल इतकी घट्ट धरली होती की कागद काढायला सांगितल्यावर त्याला पटकन सोडता येईना. प्रश्न साधे असतात आणि म्हणूनच अवघड: "तेव्हा तुम्ही आम्हाला का कळवलं नाहीत?" "पुन्हा तोच प्रवासी भेटला तर काय कराल?" मग सगळ्यांना बाहेर काढतात, पंधरा-वीस मिनिटं कॉरिडॉरमध्ये बसायचं, परत बोलावून निर्णय सांगतात. कारणांसह पत्र घरी येतं.

चालकाच्या बाजूनेही कायदा आहे. २०१२ मध्ये कार्डिफच्या खटल्यात हायकोर्टाने सांगितलं की स्थगिती म्हणजे "तोवर बाजूला बसा, आम्ही चौकशी करतो" असली तात्पुरती सोय नाही. तो स्वतःच एक निर्णय आहे. आधी स्थगित करून मग त्याच गोष्टीवरून रद्द करायचं, हे चालत नाही. निर्णय पटला नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात जाता येतं, तिथून क्राउन कोर्टात. मी प्रत्येकाला एकच सांगते: पत्रावरची तारीख बघा आणि दिवस मोजायला लागा.

"शेजारच्या गावात मिळतं."

एकेकाळी हे खरं होतं, आणि त्याची किंमत लहान मुलींनी मोजली. रॉदरहॅम या इंग्लंडमधल्या गावाबद्दलचा अहवाल २०१४ च्या ऑगस्टमध्ये आला. १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झाल्याचं त्यात म्हटलं होतं, आणि टॅक्सीचालकांचा संबंध त्यात वारंवार येत होता. २०१५ च्या तपासणीत त्या कौन्सिलच्या टॅक्सी लायसन्सिंगवर कडक ताशेरे आले आणि सरकारने कारभार आयुक्तांच्या हाती दिला. आजचे कडक नियम त्या मुलींच्या दुःखातून आले आहेत. ते मोडीत काढल्यासारखं "काही होत नाही" असं लिहिलेलं वाचलं की मला फार वाईट वाटतं.

२०२२ च्या कायद्यानंतर, २७ एप्रिल २०२३ पासून, इंग्लंडमधल्या प्रत्येक कौन्सिलला सुरक्षेच्या कारणावरून नाकारलेलं, स्थगित किंवा रद्द केलेलं लायसन्स राष्ट्रीय नोंदवहीत टाकावंच लागतं. नोंद ११ वर्षं राहते. नवा अर्ज किंवा नूतनीकरण आलं की आधी ती नोंदवही बघावी लागते, आणि नाव सापडलं तर त्या दुसऱ्या कौन्सिलकडे कारण विचारावं लागतं.

अर्धं खरं ते असं: एका कौन्सिलचं लायसन्स असलेला चालक दुसऱ्या शहरात बुकिंग घेऊ शकतो. मँचेस्टरच्या रस्त्यावर वुल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलच्या लायसन्सची प्लेट लावलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि मँचेस्टरच्या ऑफिसरला त्यांच्यावर सहसा थेट कारवाई करता येत नाही. हे मला मान्य नाही आणि बदलायला हवं. २०२५ च्या जूनमध्ये बॅरोनेस केसी यांच्या मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या राष्ट्रीय अहवालानेही ही पळवाट बंद करा असं सांगितलं. पण आजही हात बांधलेले नाहीत. दुसरीकडच्या चालकाबद्दल गंभीर माहिती हाती आली तर कौन्सिलने ती मूळ कौन्सिलला कामाच्या १० दिवसांत कळवायची, आणि मूळ कौन्सिलने कामाच्या २० दिवसांत विचार करून उत्तर द्यायचं, हे २०२२ च्याच कायद्यात आहे.

"रडलं की सोडून देतात."

नाही. २००२ मध्ये लीड्सच्या खटल्यात हायकोर्टाने स्पष्ट केलं की लायसन्स गेल्याने चालकावर आणि त्याच्या कुटुंबावर काय वेळ येईल, हा अगदी अपवाद सोडता विचारात घेण्याचा मुद्दाच नाही. चालकाची बायको म्हणून मला हे वाचायला जड गेलं होतं. मावशी म्हणून पटतं.

"तक्रार करून काही होत नाही."

हेच ते घातक वाक्य. डीबीएसमध्ये पोलिसांपर्यंत पोचलेलं दिसतं. बेल्ट लावायच्या आत गाडी सोडणं, नको ते प्रश्न विचारणं, उगाच लांबचा रस्ता घेणं हे तिथे कधीच दिसणार नाही. ते फक्त प्रवाशाला माहीत असतं. कौन्सिलच्या फाइलमध्ये ते यायचा रस्ता एकच, तक्रार. तक्रार उपयोगाची नाही असं सगळ्यांनी मानलं, तर फाइल कोरी राहते आणि मेसेज आपोआप खरा ठरतो.

आमच्या घरात हे घडलंय. एका वयस्कर बाईंनी नवऱ्याविरुद्ध तक्रार केली: मी नीट बसायच्या आत गाडी सुटली, वळणावर मी दारावर आपटले. कौन्सिलचं पत्र आलं. ऑफिसरने त्याला बोलावून तासभर प्रश्न विचारले, ऑपरेटरकडून, म्हणजे बुकिंग घेणाऱ्या कंपनीकडून, त्या फेरीची नोंद मागवली. निकाल यायला चार महिने लागले आणि ते चार महिने आम्ही दोघं नीट झोपलो नाही. तेवढा वेळ लागायला नको होता, हे माझं मत आजही कायम आहे. पण "एका बाईच्या शब्दावर?" हा माझा तेव्हाचा राग फाइल बघितल्यावर गेला. तशाच आणखी दोन तक्रारी आधीच्या वर्षांत नोंदल्या होत्या. एकेकटी किरकोळ, तिन्ही मिळून सवय दिसत होती. लेखी ताकीद मिळाली. त्या दिवसापासून प्रवाशाच्या बेल्टचा आवाज ऐकल्याशिवाय त्याने गिअर टाकला नाही.

भाचीला मी पहिल्याच रविवारी गाडीच्या मागची प्लेट दाखवली: कौन्सिलचं नाव, नंबर, मुदतीची तारीख. चालकाच्या बॅजवर फोटो आणि त्याचा स्वतःचा नंबर असतो. बुकिंगचा स्क्रीनशॉट ठेवायचा, वेळ लिहून ठेवायची, आणि तक्रार गाडी ज्या शहरात भेटली तिथे नाही, प्लेटवर ज्या कौन्सिलचं नाव आहे तिथे करायची. ॲपवर तारे कमी दिले म्हणजे कौन्सिलला कळलं, असं नाही. धमकी, अंगचटी असलं काही झालं तर आधी ९९९, म्हणजे इथला पोलिसांचा तातडीचा नंबर.

नोव्हेंबरात ती विमानतळावरून परतत होती. चालक मोटरवेवर हातात फोन धरून मेसेज लिहीत होता. आधी म्हणाली, "जाऊ दे ना मावशी, काय होणार आहे." मग माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने तक्रार लिहिली, सात ओळींची. नऊ दिवसांनी फोन आला तेव्हा ती योगायोगाने माझ्याकडेच होती. स्पीकरवर ऑफिसरचा शांत आवाज: गाडी कोणत्या लेनमध्ये होती, फोन कोणत्या हातात होता, तुम्ही कुठे बसला होतात. तिने डोळे मिटले, डावा हात वर धरून बघितला आणि म्हणाली, "डाव्या. मी मागे होते, डावीकडे. मला स्क्रीन दिसत होता."